आठ पानांचा ऐवज

अमेरिकेत छोट्या प्रकाशनांच्या कॉमिक्ससाठी एक मानाचा पुरस्कार आहे आणि त्यात विजेत्याच्या हाती वीट दिली जाते. विटेच्या आकाराचं शोभेचं चिन्ह नव्हे, वीटच. तिचं मूळ जॉर्ज हेरिमनच्या 'क्रेझी कॅट' या वृत्तपत्रातल्या चित्रमालिकेत आहे. १९१३ ते १९४४ अशी ती चालली. इग्नॅट्झ नावाचा उंदीर क्रेझी नावाच्या मांजराला वीट फेकून मारतो, मांजराला ती प्रेमाची खूण वाटते आणि शिपाई असलेला कुत्रा उंदराला पकडून कोठडीत टाकतो. बस्स, एवढंच. एवढ्यावर हेरिमनने तीन दशकं काढली. मागचं वाळवंट चौकटीगणिक रूप बदलायचं, भाषा वाटेल तशी वळायची, गोष्ट मात्र तीच. फार मोठा वाचकवर्ग तिला कधी लाभला नाही. पण वृत्तपत्रांचे मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांना ती मनापासून आवडायची आणि त्यांनी ती बंद पडू दिली नाही.

या उंदराच्या नावाने १९९७पासून इग्नॅट्झ पुरस्कार दिले जातात. पाच चित्रकारांची समिती नामांकनं ठरवते आणि मतं वाचक देतात. उत्तम मिनी-कॉमिकसाठी त्यात स्वतंत्र विभाग आहे. मिनी-कॉमिक म्हणजे बहुधा चित्रकाराने स्वतःच लिहिलेलं, काढलेलं, छापलेलं आणि घडी घालून पिना मारलेलं चोपडं. चोपड्याची जोखणी चोपडं म्हणूनच व्हावी, जाडजूड पुस्तकाशेजारी उभं करून नव्हे, हे कुणाला तरी सुचलं याचा मला फार आनंद झाला होता. तेव्हापासून हे पुरस्कार ज्या उत्सवात दिले जातात तो प्रत्यक्ष पाहायचं मनात होतं.

'स्मॉल प्रेस एक्स्पो' हे त्याचं नाव; तिथले लोक एसपीएक्स म्हणतात. १९९४ साली सुरू झाला. मेरीलँड राज्यातल्या बेथेस्डामध्ये, वॉशिंग्टन डी.सी.च्या अगदी शेजारी, सप्टेंबरात भरतो. २००१ साली तो ११ सप्टेंबरनंतर तीनच दिवसांनी व्हायचा होता, तो रद्द झाला. साथीच्या काळात दोन वर्षं सभागृह उघडलं नाही. एरवी स्वयंसेवकांच्या जिवावर तो चालत आला आहे. कामासाठी माझं त्या बाजूला जाणं झालं आणि नेमका तोच शनिवार-रविवार हाती लागला. मेट्रोच्या रेड लाइनवरून उतरलं की थोड्या अंतरावर एक हॉटेल आहे, त्याच्या भल्यामोठ्या सभागृहात उत्सव असतो. बाहेरून पाहिलं तर आत एखादी विमा कंपनीची परिषद चालली असेल असं वाटावं.

आत मात्र टेबलंच टेबलं. रांगांमागून रांगा. नावाजलेल्या प्रकाशकांची टेबलं मोठी आणि भरगच्च, पण बाकी सगळीकडे एका टेबलाचा तुकडा, त्यावर घरून आणलेली चादर, पुठ्ठ्याचे स्टँड, हाताने लिहिलेल्या किमती आणि मागे खुर्चीवर ते सगळं तयार करणारा माणूस. मागणी इतकी असते की बऱ्याच जणांना जागा सोडतीतून मिळते. सुपरहिरोंचे पोशाख नाहीत, सिनेमांच्या घोषणा नाहीत, सह्यांसाठी दोरखंड लावलेल्या रांगा फारशा नाहीत. कागदाचा आणि ताज्या शाईचा वास आहे आणि हजार संभाषणांची एकसंध गुणगुण आहे.

इथे वाचण्याची एक वेगळीच रीत आहे आणि ती अंगवळणी पडायला वेळ लागतो. वाचन ही आपण एकट्याने करायची गोष्ट समजतो. लेखक दूर कुठेतरी, कदाचित मेलेलाही असतो. इथे तुम्ही टेबलावरचं चोपडं उचलता तेव्हा ते ज्याने काढलं तो दोन हातांवर बसलेला असतो. त्याला कळत असतं की तुम्ही तिसऱ्या पानावर आहात. तुम्ही कुठे थांबलात, कुठे झरझर उलटलंत, कुठे ओठ हलले, सगळं त्याच्या समोर घडतं. सवयीचे लोक अशा वेळी नजर वळवतात, वहीत काहीतरी रेखाटू लागतात, शेजारच्याशी बोलतात. नवखे थेट तुमच्या चेहऱ्याकडे पाहतात. एक तरुण मुलगा तर माझ्याबरोबर पान उलटल्यासारखा श्वास घेत होता. त्याच्या कॉमिकमध्ये अर्धशिशीचा झटका होता: आधी एका चौकटीचा कोपरा नाहीसा होतो, मग शेजारच्या चौकटीतला चेहरा अर्धा खाल्ला जातो, मग संवादाचे फुगे रिकामे होतात आणि मधली दोन पानं पूर्ण कोरी. त्या कोऱ्या पानांवर मी थांबले तेव्हा तो हळूच म्हणाला, "इथे बरेच जण विचारतात, छपाई चुकलीय का." मला विचारावंसं वाटलं नव्हतं. मला माझ्या डोळ्यांमागे ती पानं जाणवली होती.

पण ज्या टेबलाने मला दिवसभराचं काम दिलं ते सभागृहाच्या मागच्या टोकाला होतं. साठीच्या आसपासच्या एक बाई, समोर चारच शीर्षकं, प्रत्येकी दोन डॉलर. सगळी एकेका कागदाची. या बाई शाळेची बस चालवतात. त्यातलं एक कॉमिक मी उभ्या उभ्या वाचलं. शेवटचं मूल उतरल्यानंतर डेपोपर्यंतचा बसचा प्रवास. पहिल्या पानावर दार बंद होतं. मग आरशात दिसणाऱ्या रिकाम्या सीट. मग सीटवर राहिलेला एक हातमोजा. मग सिग्नल. त्यात फक्त तीन शब्द आहेत आणि तेही मुलाने काचेच्या वाफेवर बोटाने लिहिलेले, आतून वाचताना सरळ आणि बाहेरून उलटे. रेघ अगदी साधी, थोडी थरथरती, सीटच्या शिवणीसुद्धा त्यांनी मोजून काढल्या असाव्यात अशा. आठव्या पानावर दिवे बंद.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी त्यांना अगदी आपुलकीने विचारलं, "याचं मोठं पुस्तक करताय ना पुढे?"

बाई म्हणाल्या, "तो रस्ता तेवढाच आहे."

त्यांना यात चटकदार काही म्हणायचं नव्हतं. त्या खरंच रस्त्याबद्दल बोलत होत्या. पण मी तिथून हलले ते हे वाक्य घेऊनच. आपण वाचतो त्यातल्या कितीतरी पुस्तकांचा रस्ता तेवढाच असतो आणि ती मात्र दोनशे पानं चालत राहतात, कारण पुस्तक म्हणून दुकानात उभं राहायचं तर पाठीला जाडी लागते, पाठीवर नाव छापायला जागा लागते. किती विषय केवळ त्यांच्या मापाचं पुस्तक मिळत नाही म्हणून लिहिलेच गेले नसतील? रिकाम्या बसचा वीस मिनिटांचा प्रवास कुठल्या प्रकाशकाकडे घेऊन जाणार? आणि तो वाढवून, त्यात बाईंचं बालपण, घटस्फोट, कुठलं तरी रहस्य घालून दोनशे पानांचा केला, तर त्यातली ती रिकामी बस उरेल का?

आठ पानांचं कॉमिक कसं होतं हे त्यांनीच मला दाखवलं. एक कोरा कागद तीनदा दुमडायचा, उघडायचा, म्हणजे आठ घरं पडतात. मधल्या घडीवर, बरोबर मधल्या दोन घरांच्या लांबीएवढा, एक काप द्यायचा. मग आडवा दुमडून दोन्ही टोकं आत ढकलली की मधला काप उघडतो आणि कागद आपसूक पुस्तक होतो. पीन नाही, डिंक नाही, दोरा नाही. छपाई कागदाच्या एकाच बाजूला, त्यामुळे कुठल्याही झेरॉक्स यंत्रावर निघतं. पण सगळी आठ घरं एकाच तोंडाने काढून चालत नाही. चार सुलटी, चार उलटी. म्हणजे चित्र काढतानाच घडी डोक्यात असावी लागते. पान उलटल्यावर काय दिसणार आणि उलटण्याआधी काय दडलेलं असणार, हे आठ पानांत चारच वेळा वापरता येतं. बाईंनी हातमोजा नेमका उलटल्यानंतरच्या पानावर ठेवला होता. जाड पुस्तकात ही संधी शंभर वेळा मिळते आणि म्हणून तिची किंमत कळत नाही.

दुपारी दुसरं एक कॉमिक सापडलं, ते छपाईमुळे. दोन बहिणींची गोष्ट. एकीच्या आठवणी गुलाबी शाईत, दुसरीच्या निळ्या. ज्या प्रसंगाला दोघी हजर होत्या तिथे दोन्ही शाया एकावर एक बसून जांभळ्या होतात. आणि ज्या प्रसंगाबद्दल दोघींचं आयुष्यभर पटलं नाही तिथे दोन रंग किंचित सरकलेले आहेत, प्रत्येक आकृतीला दुहेरी कड आहे, डोळे मिटमिटवले तरी जुळत नाहीत. ते रिसोग्राफवर छापलेलं होतं. रिसो या जपानी कंपनीचं हे यंत्र मुळात शाळा-कार्यालयांना ढिगाने आणि स्वस्तात प्रती काढता याव्यात म्हणून बनलं. आत एका पातळ मास्टर कागदाला उष्णतेने बारीक छिद्रं पडतात, तो ड्रमभोवती गुंडाळला जातो आणि छिद्रांतून शाई कागदावर उतरते. एका ड्रमात एकच रंग. दुसरा हवा तर पुन्हा मास्टर, पुन्हा कागद आत. दुसऱ्या खेपेला कागद केसभर इकडेतिकडे होतोच. एरवी छापखान्यात हा दोष. या चित्रकर्तीने त्यालाच बहिणींच्या भांडणाचं काम दिलं होतं. प्रत्येक प्रतीत सरकणं वेगळं. मी तिच्याकडच्या तीन प्रती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आणि एकीत निळी बहीण जवळजवळ खोलीबाहेर गेली होती. तीच घेतली.

रिसोची ही शाई लवकर पूर्ण वाळत नाही, बोटाला लागते. बोटाकडे पाहताना मला साठच्या दशकातली आपली अनियतकालिकं आठवली. त्यातली काही सायक्लोस्टाइलवर निघायची आणि स्टेन्सिलमधून शाई दाबून काढणारं ते यंत्र म्हणजे रिसोचंच जुनं रूप. मी ती जुन्या पिवळ्या प्रतींतूनच पाहिलेली. त्या काळी ताजा अंक हातात घेणाऱ्याच्या बोटांनाही असाच डाग पडत असणार. कवितेला मासिकाची वाट पाहायची नाही, संपादकाच्या होकाराची नाही, वर्गणीदारांची नाही; कागद, यंत्र आणि चार मित्र पुरेत, ही धग तीच. बेथेस्डाच्या त्या वातानुकूलित सभागृहात मला ती माणसं अचानक खूप जवळची वाटली.

अमेरिकेत कॉमिक्सला हे मागचं दार का लागलं, यालाही कारण आहे. १९५४ साली तिथे कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी ओरड झाली, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि धास्तावलेल्या प्रकाशकांनी स्वतःहूनच 'कॉमिक्स कोड' ही नियमावली आणली. मुखपृष्ठावर तिचा शिक्का नसलेला अंक वितरक सहसा उचलेनात. मोठ्यांचं जगणं, देह, राजकारण, साधा कंटाळासुद्धा, कॉमिक्समधून बाहेर फेकला गेला. मग साठच्या दशकाच्या अखेरीस भूमिगत म्हणवणारी कॉमिक्स आली, जी त्या वितरकांकडे गेलीच नाहीत. १९६८ साली रॉबर्ट क्रंबच्या 'झॅप'चा पहिला अंक सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर बाबागाडीत घालून विकला गेला. पुढे कोपऱ्याकोपऱ्यावर फोटोकॉपीची दुकानं आली आणि छापखान्याचीही गरज संपली.

याच वाटेवरची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते आणि मला ती अर्धीच आवडते. माँट्रियलच्या ज्युली डूसेने १९८८ साली 'डर्टी प्लॉट' हे फोटोकॉपी केलेलं कॉमिक सुरू केलं. पुढे 'ड्रॉन अँड क्वार्टर्ली'ने ते छापलं. आणि २०२२ साली फ्रान्समधल्या आंगुलेमच्या उत्सवाचा सर्वोच्च सन्मान तिला मिळाला. चोपड्यापासून शिखरापर्यंत. यात मधली बरीच वर्षं गाळली जातात. थकून, पैशाच्या ओढाताणीला कंटाळून ती कॉमिक्सपासून दूरच गेली होती. आणि गोष्ट अशी सांगितली की मिनी-कॉमिक ही जिन्याची पहिली पायरी ठरते: चढून गेलात तर तुम्ही खरे, नाही गेलात तर तिथेच राहिलेले.

म्हणून मला जॉन पोर्सेलिनोचं उदाहरण जास्त मोलाचं वाटतं. १९८९पासून तो 'किंग-कॅट' हे मिनी-कॉमिक काढतो आहे. त्याचे संग्रह मोठ्या प्रकाशकांनी काढले, त्याला मान मिळाला, तरी मूळ अंक आजही तसाच: छोटा आकार, काळी रेघ, पांढरा कागद, पोस्टाने येणारा. डास मारायची फवारणी करण्याची नोकरी तो करायचा, त्यावर त्याने काढलं. चालायला गेला, मांजर आजारी पडलं, पाऊस थांबल्यावर रस्ता कसा दिसला, यावर काढलं. रेघा इतक्या कमी की आणखी एक काढून टाकली तर चित्र मोडेल. आणि १९९२पासून तो स्वतःच्या घरातून दुसऱ्यांची चोपडीही टपालाने विकतो. हा माणूस पायरीवर थांबलेला नाही. त्याला जिथे राहायचं होतं तिथे त्याने घर केलं आहे.

अर्थात घर चालवायला पैसा लागतो आणि त्याबद्दल या सभागृहात लोक मोकळेपणाने बोलतात. टेबलाचं भाडं, कागद, शाई, विमान किंवा दहा तासांची गाडी, हॉटेलची खोली चौघांत वाटून. पाच डॉलरच्या कॉमिकमधून हे सगळं वसूल करायचं म्हणजे किती प्रती विकाव्या लागतील याचा हिशोब कुणीही करावा. पुष्कळांचा खर्च निघत नाही. स्टिकर आणि धातूचे बॅज कॉमिक्सपेक्षा झपाट्याने खपतात आणि त्यामुळे काही टेबलांवर कॉमिक शोधावं लागतं. गोंडस मांजरं, गोंडस भुतं, गोंडस भाज्या यांच्या रांगाही मी पाहिल्या. त्यातलं बरंचसं एकमेकांसारखं होतं आणि माझ्या लक्षात राहिलं नाही. छोटं म्हणून आपोआप चांगलं होत नाही. पण ज्या मुलीच्या भुताच्या स्टिकरांवर गर्दी होती, तिने मला सांगितलं की त्या पैशातून ती दरवर्षी एक कॉमिक छापते, ज्याच्या चाळीसच प्रती निघतात आणि ज्याबद्दल तिला कुणालाच काही समजावून सांगायचं नसतं. ते तिने टेबलाखालच्या पिशवीतून काढून दिलं. आजीच्या घराचे फक्त दरवाजे होते त्यात. माणूस एकही नाही.

संध्याकाळी गर्दी ओसरली की टेबलांमागची माणसं उठून एकमेकांकडे जातात आणि अदलाबदल सुरू होते. तुझं एक, माझं एक. किंमत सारखी आहे का हे कुणी पाहत नाही. या कॉमिक्सचे पहिले आणि सगळ्यात बारकाईने वाचणारे वाचक हेच.

चाळीस प्रतींच्या कॉमिकचं पुढे काय होतं, हा प्रश्न मला त्या दिवसभर छळत होता. त्याचं उत्तर मेट्रोने पुढे गेल्यावर, वॉशिंग्टनमध्येच आहे. २०११पासून लायब्ररी ऑफ काँग्रेस एसपीएक्समधली कॉमिक्स जतन करते. अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयातले लोक उत्सवाला येतात, टेबलाटेबलाशी थांबतात आणि चोपडी गोळा करतात. सोमवारी मी तिथे गेले. परदेशी माणसालाही फोटो-ओळखपत्र दाखवून वाचकाचं कार्ड करता येतं. मॅडिसन इमारतीतल्या नियतकालिकांच्या वाचनकक्षात कॉमिक्स मागवता येतात. बहुतेक खुर्च्यांवर जुनी वृत्तपत्रं पाहणारे अभ्यासक होते आणि माझ्यासमोर काही वर्षांपूर्वीची मिनी-कॉमिक्स आली. एकाची पीन तांबूस झाली होती. एकाच्या मागच्या पानावर पेनाने लिहिलं होतं, किती प्रतींपैकी ही कितवी ते. फोटोकॉपीचा काळा रंग घडीवर तडकून पांढरा झाला होता. हे सगळं कुणीतरी क्रमांक देऊन, नोंद करून, उद्याच्या वाचकासाठी ठेवलं आहे याने मला खरोखर भरून आलं. राष्ट्राच्या ग्रंथालयाने कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या टेबलावर पिना मारलेल्या सोळा पानांना जागा द्यावी, यासाठी अमुक इतकी विक्री, अमुक इतकी पानं अशी अट घातलेली नाही. मी तिथे बराच वेळ बसले आणि नावं उतरवून घेतली.

बसवाल्या बाईंची चारही कॉमिक्स मी घेतली होती आणि मागच्या पानावर टपालाचा पत्ता होता. परतल्यावर पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, सोबत पाचवं कॉमिक: बर्फामुळे शाळेला सुट्टी जाहीर होते, ती बातमी कळायच्या आधीच बस निघालेली असते. आठच पानं. पत्रात त्यांनी लिहिलं होतं की पुढचं डेपोतल्या मेकॅनिकवर करायला घेतलं आहे, तो बोलतो फार, त्याला बारा पानं लागतील असं दिसतं आणि त्यासाठी त्यांनी लांब हाताचा स्टेपलर विकत आणला आहे.